विलंब माफीचा अर्ज

३ तारीख, सोमवार

प्रिय आत्या,

सा. न. वि. वि. आणि त्यापुढचं जे जे तू मला लहानपणी घोकून घेतलं होतंस, ते सगळं इथे लिहिलंय असं समज. मी बरी आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरने सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यालाच चार गोष्टी सुनावून परत आलीस?

मागच्या पत्रात तू विचारलंस, अजून त्या लष्कराच्या भाकऱ्याच भाजतेयस का. हो, भाजतेय. तीच संस्था, फोटोकॉपीच्या दुकानावरची तीच खोली, तीच दोन टेबलं आणि एक पंखा, जो फक्त प्रमुख बाईंच्या बाजूला मान वळवतो. कपाटात लोकांनी दान केलेले कपडे. दान करताना लोकांची बुद्धी कुठे जाते कोण जाणे. परवा एकाने लग्नातला कोट आणून दिला, चकाकत्या कॉलरचा. वर म्हणे, एकदाच घातलाय. बंद खोलीत बसलेल्या माणसाने तो घालून कुठे मिरवायचं?

तू शेजारणीला दर वेळी माझं काम चुकीचं सांगतेस, म्हणून एकदा नीट लिहिते. मी तुरुंगात जात नाही. दुसऱ्या देशातून आलेल्या आणि राहण्याचे कागद संपलेल्या माणसांना परत धाडण्याआधी जिथे ठेवतात, तिथे जाते. त्याला 'निवास केंद्र' म्हणायचं. आतले लोक कैदी नाहीत, निवासी. फक्त या निवासींना स्वतःच्या खोलीचं दार उघडता येत नाही, एवढंच. त्यांच्यावर गुन्हा नाही, म्हणून शिक्षा नाही, आणि शिक्षा नाही म्हणून ती संपायची तारीखही नाही. आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. भेटतो, ऐकून घेतो, कपडे आणि फोनकार्ड देतो, वकीलबाईंशी गाठ घालून देतो. साठ माणसं आहेत आत, आणि त्यातल्या निम्म्यांना आमच्याशिवाय कोणी भेटायला येत नाही.

आणि त्यासाठी दारात काय तमाशा! गेल्या मंगळवारी भेटीचा फॉर्म निळ्या शाईत चालेना, काळीच हवी. शुक्रवारी काळं पेन घेऊन गेले, तर पेन आत न्यायला बंदी. मग फॉर्म भरू कशाने? बाहेरून भरून आणा. बाहेर फॉर्म कुठे मिळतो? बाहेर नाही, आत मिळतो. दारावरच्या अधिकाऱ्याशी मी इतकी भांडले की त्याने भेटच रद्द केली. तरातरा परत आले. दोन दिवस डोकं तापलेलं होतं.

पण खरं डोकं तापलंय ते वेगळ्या कारणाने.

एक सुतार आहेत तिथे. मी त्यांना सुतारदादा म्हणते. सोळा वर्षं या गावात काम केलं. अर्ध्या शाळेची बाकं त्यांच्या हातची. ज्या कारखान्याच्या नावावर त्यांचा परवाना होता तो कारखाना बंद पडला, परवाना गेला, आणि सात महिन्यांपूर्वी यांना कामावरून उचललं. बायको लाँड्रीत इस्त्री करते. मुलगी नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. तिला सांगितलंय, बाबा लांबच्या मोठ्या कामावर गेलेत. ती म्हणते, इतकं मोठं काय बांधतायत?

तर मागच्या सोमवारी सुतारदादांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. त्या हुकमाला हरकत घ्यायला पाच दिवस असतात. तोच दारावरचा अधिकारी आत एक कागद नेऊन देतो, त्यावर 'मला हरकत आहे' इथे खूण करायची आणि खाली सही करायची. बस. मग वकीलबाई पुढचं बघतात, आणि प्रकरण चालू असेपर्यंत माणसाला हलवता येत नाही. सुतारदादांनी सही केली नाही. अधिकाऱ्याने कागदावर 'निवासीने सहकार्य केले नाही' असं लिहिलं आणि फाइल बंद. शुक्रवारी मुदत संपली. वकीलबाईंना शनिवारी कळलं. आता एकोणीस तारखेच्या विमानात त्यांची जागा ठरली आहे.

का नाही केली सही? तर आमची एक पिवळी चिठ्ठी असते, आत आलेल्या प्रत्येकाला देतो ती. त्यात लिहिलंय की सही करू नका. त्यांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. त्या अधिकाऱ्याला एक शब्द समजावून सांगता आला नसता का? सांगणार कशाला, त्याला फाइल बंद करायची होती. आणि माणसानेही जरा डोकं चालवायचं की नाही!

असो. तू चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढलीस. तुला विचारायचंय. मुदत संपल्यावर आलेला अर्ज कधी आत घेतलायस का? घेतला असशील तर कसा? लवकर लिही.

तुझी
तडतडी

१० तारीख, सोमवार

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळींचं पत्र आणि त्यात गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे तो दुखतोय.

विलंब माफीचा अर्ज. बरोबर. वकीलबाई पण तेच म्हणाल्या, फक्त त्यांना ते सांगायला अर्धा तास लागला. उशीर का झाला याचं कारण जोडायचं, आणि कारण खरं असायला हवं, कारण खोट्या कारणाचा वास आवकच्या कारकुनाला लगेच येतो, असं तू लिहिलंयस. आणि मग शेवटची ओळ: 'चिठ्ठी कोणी लिहिली होती?'

तू म्हणजे ना, आत्या.

मी लिहिली होती.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका माणसाकडून 'मी स्वखुशीने परत जात आहे' अशा कागदावर सही करून घेतली होती. त्याला वाटलं, ती औषधाची पावती आहे. दुसऱ्या दिवशी तो गेला. मी इतकी चिडले की त्याच दिवशी बसून चिठ्ठी तयार केली. आधी तिच्यात लिहिलं होतं, 'आमच्या वकिलांना दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.' छापून आणल्यावर अक्षरं बारीक दिसायला लागली. आत बरीच माणसं अशी की ज्यांना वाचायची फारशी सवय नाही, चष्मा कामावर राहिलेला. म्हणून मी ती कापली. 'कुठल्याही कागदावर सही करू नका.' केवढं मोठं अक्षर बसलं! प्रमुख बाईंनी पाठ थोपटली. चार वर्षं मी ती चिठ्ठी हातात देताना स्वतः वाचूनही दाखवते, बोट ठेवून.

म्हणजे सुतारदादांनी भलताच अर्थ घेतला नाही. मी तुला खोटं लिहिलं. त्यांनी मी दिलेलाच अर्थ घेतला.

आता दुसरं. हे लिहू की नको म्हणून दोन वेळा उठून पाणी पिऊन आले.

त्या मंगळवारी, शाईच्या भांडणानंतर मी आत गेले होते. सुतारदादा समोर बसले होते. ती टेबलं जमिनीला स्क्रूने आवळलेली आहेत. ते दर वेळी हात फिरवून बघतात आणि म्हणतात, कोणी हलक्या हाताने केलंय. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. आपणहून. म्हणाले, काल एक कागद आणला होता, मी परत पाठवला, सही केली नाही. अगदी खुशीत होते. माझ्या डोक्यात निळी शाई आणि काळी शाई. कसला कागद, कुठला रंग, वर काय लिहिलं होतं, असा एक प्रश्न मी विचारला असता तर तीन दिवस हातात होते. मी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, 'शाब्बास.' आणि पुन्हा त्या अधिकाऱ्याच्या नावाने खडे फोडायला लागले.

शुक्रवारी भांडले नसते तर आत गेले असते, आत गेले असते तर कळलं असतं. आत्याबाईला मिशा असत्या तर, असं तूच म्हणशील, स्वतःवरच विनोद करून.

आता इथलं ऐक. वकीलबाई म्हणतात, अर्जासोबत संस्थेचं लेखी निवेदन हवं, की चुकीची सूचना आमच्याकडून गेली. तसं दिलं तर अर्ज उभा तरी राहील. मी आनंदाने धावत प्रमुख बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, अजिबात नाही. अर्जात लिहा की अर्जदाराला सूचनेचा अर्थ समजला नाही. संस्थेचं नाव येता कामा नये. कारण केंद्राला निमित्तच हवंय. आमची माणसं निवासींना कागदांवर सह्या करू नका म्हणून शिकवतात, हे आम्हीच लिहून दिलं की भेटीची परवानगी बंद. मग त्या साठ जणांकडे कोण जाणार? एका माणसासाठी साठ?

मी आरडाओरडा केला. तुला तो इथून ऐकू आला असेल. पण खरं सांगू? त्यांचं चूक नाही, आणि हाच वैताग आहे. कोणी सरळ दुष्ट असतं तर किती बरं झालं असतं. बाई गेली अकरा वर्षं ही संस्था विणतेय, उसवतेय, परत विणतेय. त्यांना सुतारदादांची काळजी नाही असं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, तू म्हणतेस ते खरं आहे, पण ते लिहू नकोस.

सुतारदादांना अजून काही माहीत नाही. मागच्या मंगळवारी आणि शुक्रवारी मी गेलेच नाही, सर्दीचं कारण सांगितलं. सर्दी नाही. त्यांची बायको मात्र भेटून आली. ती सांगत होती, ते आत सगळ्यांना सांगतायत, मी एकाही कागदाला हात लावला नाही, बघतोच मला कसे पाठवतात.

उद्या मंगळवार आहे. निवेदन मी लिहून ठेवलंय. संस्थेच्या नावाने नाही, माझ्या नावाने. अजून कोणाला दाखवलेलं नाही. तू काय करशील ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

तडतडी

१९ तारीख, बुधवार

प्रिय आत्या,

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर तू समासात प्रश्नचिन्हं काढत बसशील.

मंगळवारी गेले. निळी शाई चालली. अधिकाऱ्याने मला बघून पेन आपणहून पुढे केलं. मी आभार मानले नाहीत. आता वाटतं, मानायला हवे होते.

सुतारदादांना सगळं सांगितलं. चिठ्ठी मी लिहिली, मी कापली, तुम्ही मंगळवारी सांगितलंत तेव्हा मी ऐकलं नाही, आणि आता एकोणीसचं विमान आहे. त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी हळूहळू उतरली. मला वाटलं होतं ते चिडतील, ओरडतील. मला ओरडणाऱ्या माणसाशी बोलता येतं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. मी अर्ज पुढे सरकवला आणि म्हटलं, इथे सही करा. त्यांनी तो एका बोटाने परत माझ्याकडे ढकलला.

'तेव्हा नको म्हणालात,' ते म्हणाले. 'आता हो म्हणता. मी तुमचं कुठलं ऐकू?'

मी गयावया केली. वकीलबाईंनी बनवलाय म्हटलं, तुमच्या फायद्याचा आहे म्हटलं. ते म्हणाले, तो अधिकारीही असंच म्हणाला होता, तुमच्या फायद्याचं आहे, करा सही. आत्या, खरंच म्हणाला होता तो. मी त्याला इतक्या शिव्या घातल्या, आणि तो त्यांना समजावत होता. दोनदा आला होता तो कागद घेऊन.

मग सुतारदादा म्हणाले, ठेवून जा, मी वाचेन. भेटीत कागद ठेवून जाता येत नाही. तो अधिकाऱ्याच्या हातूनच आत जातो. म्हणजे ज्या माणसाशी मी दोन आठवडे भांडले त्याच्याच हातात अर्ज आणि माझं निवेदन देऊन मला बाहेर पडावं लागलं. त्याने तिथेच उभं राहून निवेदन वाचलं. मला वाटलं, आता हसेल. त्याने पोचपावती दिली, शिक्का मारून, तारीख आणि वेळ घालून. तुला आवडला असता तो शिक्का, अगदी सरळ बसला होता.

तीन दिवस काहीच नाही. अर्ज सोमवारपर्यंत दाखल व्हायला हवा होता. त्या तीन दिवसांत मी काय काय केलं ते विचारू नकोस. वकीलबाईंना दिवसातून सहा फोन. सातवा त्यांनी उचलला नाही.

शुक्रवारी दुपारी अर्ज आला. सही केलेली. आत्या, त्या माणसाने प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बारीक खूण केली होती, फळी कापण्याआधी करतात तशी. सगळ्या ओळी वाचलेल्या. आणि एका ओळीवर काट मारलेली. वकीलबाईंनी प्रमुख बाईंचाही मान राखायचा म्हणून अर्जात ती घातली होती: 'अर्जदारास सूचनेचा अर्थ समजला नाही.' ती पूर्ण खोडून वर त्यांनी आपल्या हाताने लिहिलं होतं, 'मला अर्थ समजला होता. चिठ्ठीत तेच लिहिलं होतं.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. आम्ही सगळ्या मिळून त्या माणसाला अडाणी ठरवून सोडवायला निघालो होतो. तीन तारखेला तुला लिहिलेल्या पत्रात तर मी एकटीनेच ठरवलं होतं.

वकीलबाई म्हणाल्या, खाडाखोड असलेला अर्ज परत लिहून घ्यावा लागेल. मी म्हटलं, तुम्ही तो परत आत पाठवा, मग मी तुम्हाला सात नाही, सत्तर फोन करीन. तसाच दाखल झाला, सोबत माझं निवेदन आणि एक पिवळी चिठ्ठी. दाखल करण्याआधी प्रमुख बाईंना मी स्वतः सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टेबलावरचे कागद आवरायला लागल्या. ते मला जास्त लागलं.

काल सुनावणी झाली. मला आत सोडलं नाही, बाहेरच्या बाकावर बसले होते. वकीलबाईंनी नंतर सांगितलं, की सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ती खोडलेली ओळ वाचली, मग चिठ्ठी मागून घेतली, वाचली, उलटी करून मागे काही लिहिलंय का बघितलं. मागे काही नाही. मग म्हणाले, या माणसाने सांगितल्याप्रमाणेच केलंय की. विलंब माफ. हरकत दाखल करून घेतली. निकाल लागेपर्यंत हलवायचं नाही.

तू विचारशील त्याआधी सांगते, ते सुटलेले नाहीत. आतच आहेत. निकालाला चार महिने लागतील की चौदा, कोणी सांगू शकत नाही, आणि निकाल काय लागेल तेही नाही.

आणि प्रमुख बाईंचंही खरं झालं. काल संध्याकाळीच केंद्राचं पत्र आलं. संस्थेच्या भेटी एक महिना बंद. माझा प्रवेश तर कायमचाच बंद. साठ माणसं या शुक्रवारी वाट बघतील आणि कोणी येणार नाही. मी बाईंना म्हटलं, मी राजीनामा देते. त्या म्हणाल्या, राजीनामा देऊन तू मोकळी होशील, मग पत्रं कोण लिहिणार? बस आणि परवानगी परत मागायचा अर्ज लिही. तो लिहितेय. चौथा मसुदा चाललाय. बाईंनी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारलं, याचा अर्थ काय, आणि दुसरा काही अर्थ निघतो का. मी एकदाही उलटून बोलले नाही. तुला विश्वास बसणार नाही.

सुतारदादांना वकीलबाई आज सकाळी भेटल्या. मी त्यांना म्हटलं होतं, माझ्यासाठी काही निरोप असेल तर विचारा. त्यांनी विचारलं. ते म्हणाले, नाही. रागाने नाही म्हणे, नुसतंच नाही. मग टेबलावर हात फिरवत बसले.

मला खूप वाईट वाटलं, आत्या. इतकं सगळं करून मला वाटत होतं की ते एक शब्द तरी बोलतील. मग स्वतःचाच राग आला, की मी हे त्या शब्दासाठी केलं होतं की काय. थोडं केलं होतं. तुझ्यापाशी खोटं का बोलू.

विमान सकाळी अकराला गेलं. साडेअकराला त्यांची बायको संस्थेत आली, लाँड्रीतून मधली सुट्टी घेऊन, हात अजून लालच. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. म्हणाली, ते गेले नाहीत ना? मी म्हटलं, नाही, इथेच आहेत. तिने डोळे मिटले, उघडले. मग विचारलं, ती चिठ्ठी तुम्ही लिहिली होती? मी म्हटलं, हो.

तिने पर्समधून एक लिफाफा काढला. केंद्राकडून आजच तिच्या घरी आलेला, न फोडलेला. म्हणाली, 'यात पुन्हा कुठे सही मागितली असेल तर करायची का नाही, बाई?'

चार वर्षांत मला या प्रश्नाचं उत्तर द्यायला एक क्षण लागला नव्हता. मी तिला म्हटलं, मला माहीत नाही, आधी उघडू या. आम्ही दोघींनी आतलं पत्र टेबलावर ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तिची मधली सुट्टी संपली तेव्हा आम्ही दुसऱ्या पानावर होतो. ती गेली नाही, आणि मीही तिला घाई केली नाही.

तुझी भाची,
जिच्या सांगण्यावरून तू यापुढे कशावरही सही करू नयेस